जांबोटी रोडवरची नर्सरी: आधी मूळ दाखवतात, मग रोप विकतात

खानापूरहून जांबोटीकडं जाताना साग-चंदनाची एक नर्सरी लागते, तिथनं यंदा रोपं आणली. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली आहे.

आधी मागच्या वर्षीचं सांगतो म्हणजे मी एवढं का लिहितोय ते कळेल. दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, चंदनाची 120 रोपं स्वस्तात मिळाली म्हणून टेम्पोत भरून आणली, मृगात लावली आणि गणपती येईपर्यंत निम्म्याहून जास्त गेली. पानं आधी मलूल, मग पिवळी, उपटून बघितलं तर मुळं काळपट, बोटानं ओढलं की साल सुटून हातात आणि आत नुसता दोरा. या नर्सरीच्या मालकांना (सगळे अण्णाच म्हणतात) फोटो दाखवले तर म्हणाले हा मर रोग, बहुतेक फ्युजेरियम. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. म्हणजे पिशवीतनं रोग आणून आमच्या वडिलांच्या रानात मीच पुरला की हो, रोपांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं. ते खड्डे अजून मोकळे ठेवलेत.

इथं गेटवरच ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट आहे, त्यावर चप्पल पुसल्याशिवाय आत सोडत नाहीत. पिशव्या जमिनीवर नाहीत, विटांवर फळ्या टाकून वर ठेवल्यात, पाणी खाली निथळून जातं. अण्णांनी न सांगता एक पिशवी ब्लेडनं उभी चिरली, माती झटकली, मुळं टोकापर्यंत पांढरी. "बघून घ्या, मग पैसे द्या."

थंडीत बुकिंगला गेलो तेव्हा सागाच्या एका वाफ्यातली रोपं मागितली तर चक्क नाही म्हणाले. पान उलटं करून बोट फिरवलं, बोटाला हळदीसारखी केशरी-पिवळी पूड. तांबेरा. मी म्हटलं हा तर आपल्याकडचा जुनाच रोग, त्यात काय एवढं. तर म्हणाले, आपल्याकडं जुना, पण 2003 च्या सुमारास हाच तांबेरा पनामा-कोस्टारिकातल्या सागाच्या लागवडीत पोचला, तिकडं साग माणसानंच नेऊन लावलेला, मागनं रोग पण गेला. ब्रिटनमध्ये 2012 ला ॲशच्या झाडाचा शेंडेमर रोग पहिल्यांदा सापडला तोसुद्धा बकिंगहॅमशरच्या एका नर्सरीत, नेदरलँड्सवरनं आलेल्या रोपांवर. ॲशला हा रोग करणारी बुरशी मूळची पूर्व आशियातली, तिथल्या मंचुरियन ॲशच्या पानांवर गुमान राहते, झाडाला फारसा त्रास नाही, आणि युरोपात गेली तर जंगलंच्या जंगलं वाळली कारण तिकडच्या झाडाची तिच्याशी कधी गाठच पडली नव्हती. हे ऐकताना मला माझा टेम्पो दिसत होता.

आणखी एक कामाचं सांगितलं. मी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखायला मातीत घालतात ते) आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं पाणी) एकाच दिवशी घालायचो. मोरचूद बुरशी मारतो आणि ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे, म्हणजे एका हातानं घालून दुसऱ्या हातानं मारत होतो. ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर ठेवायचा आणि मग खड्ड्यात घालायचा, हे त्यांनी कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहून दिलं.

अर्धा स्टार कापला कारण रोप बाकीच्यांपेक्षा 10-12 रुपयांनी महाग आहे, आणि तिथं रेंज नाही, फोनपे चालत नाही, मला परत खानापूरला येऊन एटीएममधनं पैसे काढून न्यावे लागले. कॅश घेऊनच जावा.

60 चंदनं वरच्या पट्टीत लावलीत, जुन्या खड्ड्यांपासून लांब, शेजारी आधाराला तूर पेरलीय, चंदन शेजारच्या झाडाच्या मुळांतनं अन्न-पाणी ओढतं म्हणून. परवा एक रोप मलूल दिसलं, पोटात गोळाच आला, तिथंच बसून हातानं उकरलं. मुळं पांढरी होती, बुडाजवळ उंदरानं कुरतडलेलं.