नगरचं रणगाडा म्युझियम : तासाभरात उरकू नका

मागच्या महिन्यात नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला दुसऱ्यांदा जाऊन आलो. पहिल्यांदा एका टूरवाल्यांबरोबर गेलेलो (नाव लिहीत नाही), त्यांनी मोजून पाऊण तास दिला, त्यातला अर्धा वेळ ग्रुप फोटोत गेला, आणि घरी कोणी विचारलं काय बघितलंस तर सांगायला काहीच नाही, नुसते ओळीने उभे रणगाडे. या वेळी मामांना घेऊन आपल्याच गाडीने गेलो. मामा आर्मर्डमधून, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलातून रिटायर झालेत, त्यांचं ट्रेनिंगही इथेच नगरला झालेलं. अख्खी सकाळ काढली. पाच पैकी पाच स्टार, मनापासून.

म्युझियम आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं आहे, १९९४ पासूनचं, आणि उघड्यावर पन्नासच्या घरात गाड्या आहेत. पण सगळ्या बघायच्या नादाला लागू नका. मामांनी मला आत शिरतानाच एक सवय लावली, प्रत्येक टँकपुढे उभं राहून एवढंच विचारायचं की ज्यांनी हा बनवला त्यांच्या डोक्यात लढाई कशी होणार होती? बस, मग लोखंड बोलायला लागतं.

ब्रिटिशांचा दुसऱ्या महायुद्धातला मॅटिल्डा टँक घ्या. त्यांनी युद्धाआधीच टँकची दोन कामं ठरवून टाकलेली, एक पायदळाबरोबर पायदळाच्या चालीने जाणारा आणि दुसरा जुन्या घोडदळासारखा पुढे दौडणारा. मॅटिल्डा पहिल्यातला. म्हणून समोरचं चिलखत ७८ मिलिमीटर आणि वेग रस्त्यावर ताशी पंचवीसेक किलोमीटर, शेतात तर त्याहून कमीच. इथवर ठीक. पण त्याची तोफ ४० मिलिमीटरची, आणि तिला चिलखत भेदणारा भरीव गोळाच मिळायचा, फुटणारा गोळा दिलेलाच नव्हता! म्हणजे टँक पायदळाच्या मदतीला, आणि पायदळाला खरा त्रास कोणाचा तर खड्ड्यात बसलेल्या मशीनगनचा, तिच्यावर टाकायला नेमकं काही नाही. हे ऐकल्यावर मी पुन्हा मागे जाऊन ती बारीकशी नळी बघून आलो. इंजिनिअर कमी पडले नव्हते हो, ज्यांनी टँकचं काम काय ते कागदावर ठरवलं त्यांचा विचार कमी पडला.

आणि मग तिथेच जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ बघा, हिच्यापाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे होतो. ही मुळात विमानं पाडायची तोफ. जून १९४१ मध्ये इजिप्तच्या हल्फाया खिंडीत हिनेच मॅटिल्डांची वाट लावली. पण मामा म्हणाले ती तोफ भारी होती एवढंच बोलून पुढे जाऊ नकोस, ब्रिटिशांकडेही जवळपास तेवढ्याच ताकदीची विमानविरोधी तोफ होती, ३.७ इंची, पण ती विमानांसाठी म्हणून विमानांसाठीच राहिली, टँकवर क्वचितच वापरली. जर्मनांच्या शिकवणीत टँक, तोफा, पायदळ सगळं मिळून एकच हत्यार, त्यामुळे आपले टँक मागे घ्यायचे आणि पाठलागावर आलेल्यांना तोफांच्या तोंडी द्यायचं, हे त्यांना नवीन सुचावं लागलंच नाही, ते आधीपासून तसेच लढत होते.

जर्मनांची टेहळणीची चिलखती गाडी पण चुकवू नका. तिला मागच्या बाजूलाही ड्रायव्हरची जागा होती, म्हणजे शत्रू दिसला की गाडी न वळवता तशीच उलटी पळवता येते. कारण तिचं काम लढायचं नाहीच, बघायचं, वायरलेसवर कळवायचं आणि जिवंत परत यायचं. याउलट जपान्यांचा हलका टँक हा-गो, जेमतेम १२ मिलिमीटर चिलखत, आणि टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, माणूस एकच. तोच कमांडर, तोच गोळा भरणार, तोच नेम धरणार. फ्रेंचांच्या बऱ्याच टँकमध्येही हाच घोळ होता आणि वरून वायरलेस बऱ्याच टँकमध्ये नाहीच, म्हणून १९४० मध्ये टँक संख्येने कमी नसताना १३ मेला फ्रान्समधल्या सेदानला नदी ओलांडलेले जर्मन २० मेला समुद्राला भिडले. त्या धडकेतला जर्मन टँक सेनापती गुडेरियन पहिल्या महायुद्धात सिग्नलचा ऑफिसर होता हे मला माहीतच नव्हतं. मामांचं म्हणणं, हॅच (टँकचं वरचं झाकण) बंद केलं की आतल्याला जग दिसत नाही, कानावर येतं तेवढंच जग.

पॅटनपाशी मात्र जरा निवांत थांबा. १९६५ ला पाकिस्तानकडे हा अमेरिकेचा नवाकोरा टँक, आपल्याकडे ब्रिटिश सेंच्युरियन मोजके, बाकी जुने अमेरिकन शर्मन आणि हलके फ्रेंच एएमएक्स टँक. त्यांचा बेत खेमकरण फोडून बियासच्या पुलापर्यंत धडक मारायचा, अमृतसर तोडायचं. आपल्या ४ माउंटन डिव्हिजनने असल उत्तरला घोड्याच्या नालासारखी फळी धरली, शेतांत पाणी सोडलं, उसात टँक आणि जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या तोफा लपवल्या. परमवीर अब्दुल हमीद तिथलेच. पॅटन चिखलात अडकले, वळायला गेले की कूस समोर आली आणि कुशीला चिलखत पातळ. पाकिस्तानचे ९७ टँक गेले. मामांनी पॅटनच्या बाजूला जाऊन हात पसरून दाखवलं, समोरून किती दिसतो आणि कुशीतून किती, तेव्हा मला ती लढाई पहिल्यांदा खरी समजली. आपल्याकडे लगेच याला गनिमी कावा म्हणतात, मला नाही पटत. ही मांडून, जमीन निवडून, सगळ्या हत्यारांचा मेळ घालून लढलेली पक्की बचावाची लढाई आहे आणि तिला तिचं स्वतःचं श्रेय मिळालं पाहिजे.

पूना हॉर्स या आपल्या टँक रेजिमेंटचा इतिहास वाचून जा, तारापोर आणि खेत्रपाल दोघेही परमवीर तिथलेच, दोघेही सेंच्युरियनमधून लढलेले, मग सेंच्युरियनपुढे पाय आपोआप थांबतात. भारतात बनलेला विजयंता टँक आपल्या आवडीचा, तोही आहे.

ओळखपत्र जवळ ठेवा, लष्कराची हद्द आहे. टोपी आणि पाणी घ्या, उन्हाळ्यात सकाळीच जा, अकरानंतर नुसतं जवळ उभं राहिलं तरी लोखंडाची धग लागते. लहान मुलं असतील तर त्यांना हा-गो आणि ब्रिटिशांचा अवजड चर्चिल टँक आधी दाखवा, आकारातला फरक बघूनच प्रश्न सुरू होतात. डिसेंबरात भाच्याला घेऊन परत जातोय, मामांनी आत्ताच हो म्हटलंय.