बाइकच्या पेट्रोलच्या टाकीच्या दुरुस्तीचे ८,५०० घेतले, आतला गंज होता तसाच

पहिल्या दिवशी ३,५०० ॲडव्हान्स. तिसऱ्या दिवशी "ताई, आतून फार सडलीय, तळाचा पत्रा बदलावा लागेल" म्हणून आणखी १,५००. टाकी हातात देताना उरलेले ३,५००. एकूण ८,५०० रुपये, सगळे फोनवरून दिलेले, तिन्ही मेसेज माझ्याकडे आहेत. त्या पैशांत मला काय मिळालं? गंजलेल्या भोकांवर बाहेरून थापलेली लांबी (पोचे भरायची पुट्टी) आणि तिच्यावर मारलेला काळा रंग. लिहिताना लाज वाटतेय. पण ती टाकी अकरा दिवस माझ्या दोन पायांमध्ये होती आणि शेवटी पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकत होतं, म्हणून लिहितेय.

बाइक वडिलांची. त्यांच्या आजारपणात दोन वर्षं उभी राहिली, टाकी अर्धी भरलेली. ज्यांनी गाडी अशी उभी ठेवलीय त्यांना पुढचं माहीत आहे. वरच्या रिकाम्या भागातला दमटपणा पत्र्यावर पाणी होऊन धरतो, पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यानं तळाशी जाऊन बसतं, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतलं पाणी ओढूनच घेतं. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आतून गंज पत्रा खात असतो. मला कळलं तेव्हा कॉकच्या, म्हणजे पेट्रोलच्या तोटीच्या, मागे, सांध्याला लागून, टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं पडली होती.

माझ्या ओळखीच्या मेकॅनिकनं "टाक्यांचंच काम करणारा माणूस आहे" म्हणून त्याच्याकडे पाठवलं. या मेकॅनिकला त्यातून काही मिळालं की नाही ते मी सिद्ध करू शकत नाही, पण त्यानंतर त्यानं माझ्याशी नजर मिळवलेली नाही.

मी भोळेपणानं गेले असं कुणी समजू नये. चौदा वर्षं बाइक चालवतेय. ऑइल स्वतः बदलते, चेन स्वतः ताणते. मी त्याला विचारलं, गंज काढायला ॲसिड कुठलं वापरता? नंतर सोड्याच्या पाण्यानं धुता का? आतून लावायचं कोटिंग एक भागाचं की दोन भाग मिसळून लावायचं? तिन्ही उत्तरं बरोबर दिली. "फॉस्फोरिक, ताई. सोड्यानं धुतलं नाही तर तासाभरात परत लाल होते." मोबाइलवर दुसऱ्या एका टाकीचा आतला फोटो दाखवला, करड्या रंगाची गुळगुळीत कोटिंग. वहीच्या पानावर हिशोब लिहून दिला: ॲसिड वॉश १,२००, गॅसची झाळ ९००, आतून कोटिंग २,४००, नवा कॉक ६५०, रंग १,८५०. सात हजार. एवढं नीट मांडून देणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवला असता. काम येणारा माणूस होता तो, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. त्याला सगळं येत होतं, त्यानं केलं नाही.

आता ती वेळ. सोमवारी टाकी दिली. बुधवारी दुपारी फोन आला, टाकी अजून ॲसिडमध्येच आहे, पत्रा बदलावा लागेल. गुरुवारी सकाळी अकरा वाजता टाकी तयार, रंगासकट! एका रात्रीत ॲसिड काढून धुतली, वाळवली, पत्रा कापला, झाळला, आतून कोटिंग केलं, ते वाळलं, वर रंग मारला. दोन भागांचं कोटिंग पक्कं व्हायलाच कमीत कमी एक अख्खा दिवस लागतो, बरीच तर तीन-चार दिवस घेतात. हे मला माहीत होतं. मीच त्याला त्याबद्दल विचारलं होतं. तरी मी ते जुळवून पाहिलं नाही, कारण शुक्रवारी मला गाडी हवी होती.

आणि तो आवाज. तोंडाला चिकटपट्टी लावलेली होती. "चोवीस तास उघडू नका, केमिकल बसायचंय." टाकी उचलून कडेला घेतली तर आत काहीतरी खुळखुळलं, पातळ आणि कोरडं, पापुद्र्यांसारखं. मी म्हटलं, आत काय आहे? तो म्हणाला, "फ्लोट आहे ताई, इंधनाच्या काट्याचा." मी मान हलवली. फ्लोट माझ्या दुसऱ्या हातात होता. त्यानंच सुटा काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला होता, मी घरी बसवणार म्हणून. ती पिशवी माझ्या बोटाला लटकत होती आणि मी मान हलवली आणि ३,५०० पाठवले. रात्री झोप लागत नाही ती ८,५०० मुळे नाही. ती पिशवी डोळ्यांसमोर येते.

अकराव्या दिवशी बंद पार्किंगमध्ये वास आला. बोट फिरवलं तर सांध्याजवळ रंगाला फुगा आलेला, दाबला की ओलसर. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडलं तर लांबीचा अख्खा तुकडा खडूसारखा निघून हातात आला. खाली तीच भोकं, आता तीन. पत्रा बदललेला नव्हताच. त्याच्या कडेचा कंपनीचा जुना रंगही जळालेला नव्हता. गॅसची झाळ दिली असती तर आजूबाजूचा रंग करपला असता, पत्रा निळा-तपकिरी पडला असता. टॉर्च मारून तोंडातून पाहिलं तर तळ विटकरी आणि खवले सुटलेले. कोटिंगचा थेंब नाही. "नवा" कॉक म्हणजे माझाच जुना, पॉलिश मारलेला. त्याच्या दांड्यावर दोन वर्षांपूर्वी माझ्या पक्कडीनं पडलेली खूण तशीच होती.

लांबी ही मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरायला असते. पेट्रोलपुढे ती टिकत नाही, आतून पाझर चालू असेल तर मुळीच नाही. ते त्यालाही माहीत होतं. गळती लगेच सुरू झाली असती तर मी त्याच संध्याकाळी त्याच्या दारात उभी राहिले असते. दहा-बारा दिवस काढायचे, एवढंच त्याचं काम.

टाकी परत घेताना चुंबक घेऊन जा. पत्र्याला ते टक्कन बसतं, जाड लांबीवर सैल पडतं किंवा बसतच नाही. तोंडाला पट्टी लावलेली असेल तर तिथल्या तिथे काढा, टॉर्च मारा, आणि बघू देत नसेल तर पैसे देऊ नका. रंग शेवटी, वेगळा करून घ्या. आधी टाकी उघड्या पत्र्याची परत मागा, पाणी भरून कोरड्या कागदावर एक रात्र ठेवा. मग पाणी लगेच काढून पूर्ण वाळवा, नाहीतर परत गंज धरेल. जुन्या सुट्या भागांवर खूण करून ठेवा. माझी खूण चुकून होती म्हणून कॉकची चोरी कळली.

आणि झाळ "दुपारी येऊन जा, करून देतो" म्हणणाऱ्याकडे अजिबात देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचून राहते, आणि हवेत दीड टक्का वाफ असली तरी ठिणगीला पेट घ्यायला पुरते. नीट काम करणारा माणूस टाकी कितीतरी वेळा धुतो, पाणी भरून फक्त झाळायची जागा मोकळी ठेवतो, तेव्हा ज्योत जवळ आणतो.

गंजाची धूळ कार्ब्युरेटरमध्ये गेली ती वेगळीच. साफसफाईचे १,१५० आणि फिल्टरचे ९०, दुसऱ्या गॅरेजमध्ये.

पोलीस चौकीत गेले. ड्यूटीवरच्या हवालदारांनी टाकीकडे पाहिलंही नाही. "काम करून दिलं ना मॅडम? मग फसवणूक कशी? हे दिवाणी आहे." मी म्हटलं, कामच केलेलं नाही, पत्रा बदलला म्हणून पैसे घेतले आणि बदललेला नाही. "तुम्ही स्वखुशीनं दिलेत ना?" मी म्हटलं, साहेब, हे इंजिनवर ठिबकत होतं, पेटलं असतं. तर मला विचारतात, "पेटलं का?" पेटलं असतं तर मी इथे उभी राहून अर्ज लिहिला असता का? समोरच त्याला फोन लावला, तो म्हणाला ताईंनी टाकी पाडली असेल, आणि मला सांगण्यात आलं, आपसांत मिटवा. अर्ज घेतला, पोच द्यायला तासभर लावला. दुसऱ्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेले तर अर्ज कुणाकडे आहे तेच कुणाला ठाऊक नाही. मी पोच दाखवली तेव्हा कपाट उघडलं.

पैसे ज्या ॲपवरून गेले त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलेला आहे. बँकेनं तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पाठवलं. आणि तो? शटर उघडून बसलाय. परवाच पाहिलं, दारात दोन टाक्या ठेवलेल्या, दोन्ही काळ्या, ताज्या रंगवलेल्या. त्या कुणाच्या तरी आहेत. त्यांना सांगायला मी थांबले होते, तर त्यानं मला "धंदा खराब करू नका" म्हणून दमात घेतलं.

ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात बिल मागितलं. वहीचं पान दाखवलं, त्यावर दुकानाचं नाव नाही, सही नाही. म्हणून सांगते, पक्कं बिल न देणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका, आणि फोनवर कबूल केलेलं काम मेसेजमध्ये लिहून घ्या. माझ्याकडे पत्रा बदलण्याबद्दलचा एकच मेसेज होता, "ताई १५०० टाका तळासाठी". तेवढ्यावर तक्रार दाखल झाली. तारीख दोनदा पुढे गेलीय. तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत टाकी आहे त्या स्थितीत ठेवा, साफ करू नका, हात लावू नका, असं लेखी सांगितलंय. त्यामुळे ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर आहे आणि वडिलांची बाइक टाकीविना खाली उभी आहे. पेट्रोलच्या नळीच्या तोंडात मी चिंधी कोंबून ठेवलीय. काल माळ्यावर चढून पिशवी हलवून पाहिली. खुळखुळ आता तेव्हापेक्षा जास्त आहे.