दालमिलचा सल्लागार: चॅटजीपीटी की भाऊ?

जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या दालमिलची उधारी अडकली, तेव्हा दोघांनाही विचारलं. चॅटजीपीटीनं मिनिटभरात लहान उद्योगांसाठीचा 2006चा एमएसएमई कायदा काढला: खरेदीदारानं पैसे चुकवायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. वर खरमरीत पत्रही. एवढ्यासाठी सल्लागार पूर्वी आठवडा घ्यायचे, बिल वेगळं. त्या कामाचे पैसे आता मी देणार नाही.

सल्लागार भाऊ मात्र गोदामात आले, त्याच लॉटच्या तूरडाळीची मूठ नाकाशी नेली. ‘‘पत्र धाडू नका. माल ओलसर गेलाय, म्हणून खरेदीदारानं पैसे धरलेत.’’ हे मी चॅटजीपीटीला सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठं पाहिलं होतं! भाऊंना आता महिन्याचे नाही, फेरीचे पैसे देतो.