डीबीव्हर आणि घरचा मायएसक्यूएल सर्व्हर: आठ महिन्यांचा अनुभव, कनेक्शनच्या डोकेदुखीसकट

आधीच सांगतो, मी काय डेटाबेसवाला माणूस नाही. देवगडजवळ मामाचं आंब्याचं पॅकिंग आहे, तिथे कोठीत एक जुना डेस्कटॉप, विंडोज १०, त्यावर मायएसक्यूएल ८ (माहिती साठवणारा डेटाबेस सर्व्हर), आणि ओळखीतल्या एका पोराने करून दिलेला बिलिंग प्रोग्राम, त्यात पेट्या, डझन, गाडी नंबर, वाशीहून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) असं सगळं टाकतो. त्यातून हवा तसा हिशेब काढता यावा म्हणून फेब्रुवारीत डीबीव्हरची, म्हणजे डेटाबेस उघडून बघायच्या ॲपची, फुकटवाली कम्युनिटी एडिशन घेतली. आता ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे आख्खा सीझन आणि आख्खा पाऊस वापरून झालाय.

ॲप चांगलंच आहे, त्यावर फार लिहीत नाही. टेबल उघडा, फिल्टर मारा, सीएसव्ही काढा, मामाला व्हॉट्सॲपवर पाठवा. माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत चहा होतो पण तो लॅपटॉपच म्हातारा. खरा वेळ गेला तो कनेक्शन जुळवण्यात, आणि चूक दर वेळी आमचीच निघाली.

पहिल्याच दिवशी बघा. पहिल्यांदा कनेक्ट करताना डीबीव्हर मायएसक्यूएलचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलायचा छोटा प्रोग्राम) नेटवरून उतरवतं, मला वाटलं सर्व्हर घरातच आहे तर नेट कशाला, कोठीत रेंजचा पत्ता नाही आणि मी तासभर सर्व्हरलाच शिव्या घालतोय. शेवटी लॅपटॉप घेऊन सड्यावर गेलो, मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, ड्रायव्हर आला. एकदाच लागतं ते.

मग "पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाऊड". हे बऱ्याच जणांना येतं. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८ पासून पासवर्ड तपासायची डिफॉल्ट पद्धत बदलली, एसएसएल (येणारीजाणारी माहिती झाकायची सोय) बंद असेल तर पासवर्ड झाकून पाठवायला सर्व्हरची पब्लिक की (झाकायला लागणारी उघडी किल्ली) लागते आणि ड्रायव्हर ती आपणहून मागत नाही. कनेक्शनच्या ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये अलाऊ पब्लिक की रिट्रीव्हल ट्रू केलं की झालं. घरातल्या वायरवर चालतं हे, बाहेरच्या वायफायवर मात्र एसएसएल चालूच ठेवा.

आता मुख्य गोष्ट, जी कळायला मला एप्रिल उजाडला. वर मोठ्या अक्षरात "कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर" दिसतं ना, त्याने काहीच कळत नाही, डिटेल्स उघडून खाली बघायचं. तिथे "रिफ्युज्ड" असेल तर तुम्ही घरापर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर (सर्व्हरच्या दाराच्या नंबरवर) उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणजे सर्व्हिस बंद किंवा पोर्ट चुकीचा. "टाइम्ड आउट" असेल तर बहुतेक बेड्यापर्यंतच (फाटकापर्यंतच) पोचला नाहीत, आयपी (डेस्कटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता) चुकलाय नाहीतर फायरवॉल. आणि "ॲक्सेस डिनाइड", १०४५, आलं तर नेटवर्क एकदम ठीक, दारात उभं करून ओळखलं नाही एवढंच. मी आधी तिन्हीला एकच औषध द्यायचो, रिस्टार्ट.

दुसऱ्या लॅपटॉपवरून ११३० आला होता, होस्ट नॉट अलाऊड. मायएसक्यूएल नुसतं नाव बघत नाही, कुठून आलास तेही बघतं, लोकलहोस्टचा (त्याच मशीनवरचा) रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला युजर, वेगळा आणि बाहेरून येणारा वेगळा. रूटला सगळीकडून मोकळं सोडायचा मोह झाला होता, नाही केलं. नुसतं वाचता येईल असा वेगळा युजर बनवला, १९२.१६८.१.% एवढ्यापुरता, म्हणजे घरच्या नेटवर्कपुरता.

एप्रिलमध्ये ऐन गाड्या भरायच्या वेळी लाईट गेली आणि आल्यावर लॅपटॉपवर टाइम्ड आउट. मामा डोक्यावर उभा, "काल पर्यंत चलत होता मां, आज काय झाला तेका?" मी दोन तास फायरवॉलमध्ये घातले, आणि झालं होतं एवढंच की राउटर परत चालू होताना डेस्कटॉपला दुसराच आयपी देऊन बसला होता. आता राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्ह केलाय आणि तो आयपी आणि ३३०६ (मायएसक्यूएलचा पोर्ट) मार्करने भिंतीवर लिहिलाय, पेटीच्या दरांच्या शेजारी.

सगळ्यात भारी किस्सा जूनचा. डेस्कटॉपवरच बसलोय, लोकलहोस्ट, रूट, आणि १०४५. पासवर्ड बरोबर आहे हे मला शंभर टक्के माहीत, तरी तीन वेळा टाईप केला, मग रीसेट करायचे व्हिडिओ बघायला लागलो. बिलिंग पण बंद. मग सुचलं म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट मारून ३३०६ वर कोण बसलंय त्याचा पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) काढला, टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर फाईल झॅम्पच्या फोल्डरमधली! भाच्याने कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी झॅम्प (वेबसाइटच्या सरावाचं सर्व्हर पॅकेज) टाकलेलं, त्यातली मारियाडीबी (मायएसक्यूएलसारखाच दुसरा डेटाबेस) आपोआप चालू होईल असं करून ठेवलेलं, तिने आधी पोर्ट धरला आणि आमच्या सर्व्हिसला जागाच राहिली नाही. म्हणजे मी भलत्याच्या दारात माझी किल्ली फिरवत होतो, त्या रूटला तर पासवर्डच नव्हता. आमच्या सर्व्हरच्या डेटा फोल्डरमधल्या डॉट ईआरआर फाईलमध्ये सरळ लिहिलेलं, ३३०६ वर दुसरा सर्व्हर चालू आहे का? विचारत होतं बिचारं. मारियाडीबी ३३०७ वर टाकली, संपलं. त्यामुळे डिनाइड म्हणजे नेटवर्क ठीक हे वर लिहिलंय ते खरं, पण कोणाच्या दारात आहात तेही बघा.

त्याच पावसात अजून एकदा रिफ्युज्ड. रात्रभर लाईट येत जात होती, सकाळी सर्व्हिस "स्टार्टिंग" वरच अडकलेली. भाचा म्हणाला डेटा फोल्डरमधल्या आयबी लॉग (सर्व्हरच्या बदलांची नोंद) वगैरे फाईली उडवू, कुठेतरी वाचलंय. हात धरला त्याचा अक्षरशः. तो अर्धवट बंद पडलेला डेटा सर्व्हर स्वतः सावरत असतो, ते होईपर्यंत पोर्ट उघडत नाही. सातआठ मिनिटं थांबलो, आपोआप आलं. त्या फाईली उडवल्या असत्या तर सीझनचा हिशेब जाऊ शकला असता. दुसऱ्या दिवशी यूपीएस आणला, आणि राउटर पण त्यावरच लावला.

रात्री उघडं ठेवलेलं कनेक्शन सकाळी मेलेलं असतं त्याने घाबरू नका, सर्व्हरचा वेट टाइमआउट (रिकामं बसलेलं कनेक्शन तोडायची मुदत) डिफॉल्ट २८८०० सेकंद म्हणजे ८ तास असतो, राइट क्लिक करून रीकनेक्ट करायचं नाहीतर कनेक्शन सेटिंगमध्ये कीप अलाइव्ह (मध्येमध्ये हाक मारून कनेक्शन जागं ठेवणं) लावायचं.

ऑगस्टमध्ये मात्र वेगळंच. कनेक्शन मध्येच तुटायचं, मध्येच जुळायचं, सेटिंगा सगळ्या परत तपासल्या, पिंग (डेस्कटॉपला सारखी हाक मारून उत्तर येतं का बघणं) लावून ठेवला तर दर थोड्या वेळाने एखादा गळतोय. लॅन केबल काढून बघितली तर पिना हिरव्या पडलेल्या. समुद्र हाकेवर, खारी हवा, अजून काय होणार. नवीन कनेक्टर दाबून घेतला तेव्हापासून ठीक आहे, पण डेस्कटॉपच्या पोर्टमध्ये पण थोडी हिरवाई दिसत्येय, ते दिवाळीनंतर बघू.