जळगावजवळचं डिमेन्शिया केअर सेंटर, मामांसाठी घेतलेला अनुभव : दिवसा चांगलं, रात्री तोकडं

साडेतीन स्टार. दिवसाच्या कामाला साडेचार देईन, रात्रीच्या कामाला अडीच, त्याचा मेळ घालून साडेतीन. सेंटरचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रारीपण लिहायच्यात आणि मामा अजून तिथंच आहेत. जळगावच्या बाहेर हायवेला लागून आहे, आजूबाजूला केळीचे मळे, एवढं पुरे.

आधी मामांबद्दल, म्हणजे कुणाच्या हिशोबानं लिहितोय ते कळेल. मामा मूळचे अमळनेरकडचे, सगळी नोकरी भुसावळला रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. (2022 पासून त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे मामांना सांगितलं तर आपणच वेडे असल्यासारखं ते आपल्याकडं बघतात.) वय सत्त्याहत्तर, अल्झायमर (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, एक प्रकार), मधल्या स्टेजला. जेवतात, चालतात, गप्पा मारतात, पण संध्याकाळचे पाच वाजले की त्यांना ड्युटीवर जायचं असतं. पिशवी भरायची, चपला घालायच्या आणि निघायचं. भुसावळला असताना दोनदा थेट प्लॅटफॉर्मवरच सापडले. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या मागे पळू शकत नाहीत, पोरगा पुण्याला. घरी ब्युरोच्या (पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या) बायका ठेवून पाहिल्या, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, दोघींचे मिळून तीस हजाराच्या घरात जायचे आणि दर महिन्याला नवीन बाई. डिमेन्शियाच्या माणसाला रोज नवीन चेहरा म्हणजे रोज घरात परका माणूस घुसल्यासारखं, त्यामुळे मामा जास्तच चिडायचे. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं. नातेवाइकांत जे बोलायचं ते सगळे बोललेच, त्यात जात नाही.

आणि हे काही आमच्या एकट्याच्या घरचं नाही. 2023 मध्ये आलेल्या देशभराच्या अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांत 7.4 टक्के, म्हणजे साधारण 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. तरी आपल्याकडं अजून 'वय झालं, बरळतात' एवढ्यावरच विषय संपतो. खान्देशात वृद्धाश्रम सापडतात, पण ज्याला रस्ता आठवत नाही असा माणूस सांभाळायची तयारी असलेली जागा शोधायला लागलात की बहुतेक ठिकाणी 'पेशंट स्वतःचं स्वतः करणारा पाहिजे' असं सांगतात.

आता सेंटरबद्दल. पहिल्यांदा गेलो तेव्हाच एक गोष्ट आवडली, की मॅनेजर बाईंनी डिपॉझिटचा विषय काढायच्या आधी चार पानी फॉर्म काढला. न्यूरोचे (मेंदूच्या डॉक्टरांचे) कागद, एमआरआय, बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडचे रिपोर्ट मागितले. (ते दोन्ही बिघडलं तरी विसराळूपणा येऊ शकतो आणि तो औषधानं सुधारू शकतो, म्हणून ज्यांच्या घरी अजून साधी ब्लड टेस्टपण झालेली नाही त्यांनी सेंटर शोधायच्या आधी ती करा.) मग विचारलं, नोकरी काय केली, किती वाजता उठायचे, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, चहात साखर किती, कशानं चिडतात, घरात काय म्हणून हाक मारतात. घरात सगळे 'नाना' म्हणतात असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून तिथं सगळे नानाच म्हणायला लागले. दुसऱ्या एका शहरात आम्ही भारीतलं सेंटर पाहिलं होतं, लॉबीत कारंजं, भिंतीवर मोठ्ठा टीव्ही, तिथं पेशंटचं नाव विचारायच्या आधी पॅकेज कोणतं ते विचारलं होतं.

डिमेन्शियाचा विभाग तळमजल्यावर आहे. हे लिहायला साधं वाटतं पण फार महत्त्वाचं आहे, जिने नाहीत, मधे अंगण आहे आणि अंगणाला चारी बाजूंनी भिंत, त्यामुळे माणूस फिरत राहू शकतो आणि हरवत नाही. चालणं थांबवलं की हे लोक जास्त बिथरतात. बाथरूमला धरायला दांडे आहेत, दारावर शब्दांबरोबर चित्र आहे, फरशी मात्र चकचकीत घातलीय, ओली असली की दिसतच नाही. ती बदला असं मी सांगितलंय. 'बघू' म्हणाले.

आता पाच वाजताची गोष्ट, कारण मामांना तिथं ठेवायचं की नाही ते मी यावरूनच ठरवलं. डॉक्टर लोक याला सनडाउनिंग म्हणतात, दिवस मावळायला लागला की डिमेन्शियाच्या पेशंटची घालमेल वाढते, कुणी रडतं, कुणी भांडतं, कुणाला घरी जायचं असतं. आमच्या मामांना गाडी पकडायची असते. पूर्वी रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या ड्रायव्हर-गार्डला, ड्युटीचा निरोप द्यायला रेल्वेचा माणूस घरी यायचा, त्याला कॉल येणं म्हणायचे, ते मामांच्या डोक्यात अजून पक्कं आहे. मी बाजूला खुर्चीवर बसलेलो, मामा पिशवी घेऊन दारापाशी आले आणि तिथल्या पोराला विचारलं, "मना कॉल उना का?" (माझा कॉल आला का?) आजार वाढला तसे ते मराठी कमी, अहिराणीच जास्त बोलतात. तो पोरगा चोपड्याकडचा, वीस-बावीसचा असेल, हातातलं काम सोडून उठला आणि म्हणाला, "नाही ना नाना, गाडी दोन तास लेट शे. चहा पी ल्या." मामांनी घड्याळाकडं पाहिलं, रेल्वेच्या कंट्रोल रूमला दोन शिव्या घातल्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन चहा प्यायला बसले. मग त्या पोरानं त्यांना टॉवेलांचा ढीग दिला, नाना हे मोजून द्या, पार्सल आहे. मामांनी मोजले, परत मोजले, कागदावर आकडा लिहिला, खाली सही ठोकली. सात वाजले, जेवण आलं, ड्युटी विसरले.

घरी आम्ही काय करायचो? मामा तुम्ही रिटायर झालात, सतरा वर्षं झाली, हे बघा पेन्शनचं पासबुक. रोज भांडण. या आजारात माणसाला खरं काय ते पटवत बसण्यात अर्थ नसतो, त्याच्या मनात जे चाललंय त्याच्याबरोबर चालायचं असतं, हे पुस्तकात वाचायला सोपं आहे, पण पगार कमी, शिफ्ट बारा तासांची, आणि समोर तोच प्रश्न विसाव्यांदा, अशा वेळी हे करणारा माणूस मिळणं अवघड. माझे साडेचार स्टार त्या पोराचे आहेत, बिल्डिंगचे नाहीत.

जेवण ठीक. घरच्यासारखं असं म्हणणार नाही, कारण तिखट अगदीच कमी, आपल्या खान्देशी जिभेला ते आजारपणाचं जेवणच वाटतं. पण आठवड्यातून एकदा शेवभाजी असते, थंडीत वांग्याचं भरीत होतं, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी मागितली तर देतात, बारीक कुस्करून, भाजीत भिजवून. कुस्करून का, तर पुढच्या स्टेजला गिळायला त्रास होतो आणि घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियापर्यंत जातं. हे त्यांच्या आचाऱ्यालापण माहितीय, हे मला विशेष वाटलं.

उन्हाळ्याचं मात्र नीट विचारून घ्या. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो आणि डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागली तरी तो पाणी मागेलच असं नाही. अंगातलं पाणी कमी झालं की एकदम जास्त गोंधळतात, आपल्याला वाटतं आजार वाढला. लघवीच्या इन्फेक्शननंपण तसंच होतं. इथं पाण्याचं रजिस्टर आहे, किती वाजता किती ग्लास ते लिहितात, मी उघडून पाहिलं तर दुपारचे रकाने भरलेले होते, संध्याकाळनंतरचे रिकामे. कूलर आहेत, एसी फक्त दोन खोल्यांत, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, कूलर नाही.

आता रात्र. दिवसा चार माणसं असतात, रात्री आठनंतर त्या पूर्ण विभागाला एक. अठरा पेशंट, एक माणूस. तो एकाला बाथरूमला घेऊन गेला की बाकी सतरा देवाच्या भरवशावर. मामा रात्री पडले. डोक्याला लागलं नाही, कोपर खरचटलं, पण आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, तेही मी सहज फोन केला म्हणून. मॅनेजर बाई म्हणाल्या, रात्री तुम्हाला कशाला त्रास द्यायचा. अहो, त्रास द्या ना, त्याचेच पैसे देतोय.

त्याच्यानंतर काही दिवसांनी गेलो तर मामा दुपारी दोनला खुर्चीत मान टाकून झोपलेले, हाक मारली तरी डोळे उघडेनात. चौकशी केली तेव्हा कळलं की राउंडला येणाऱ्या डॉक्टरांनी रात्री शांत राहावेत म्हणून क्वेटियापिन (मानसिक आजारावरचं, गुंगी आणणारं औषध) सुरू केलंय. आम्हाला न विचारता. मी औषधाच्या विरोधात नाही, कधीकधी माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागतो तेव्हा द्यावंच लागतं. पण या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) 2005 लाच दिलाय, वर झोपेच्या तारेत माणूस पडतो ते वेगळंच. रात्रीचा माणूस कमी आहे म्हणून पेशंटला गोळी, हे चालणार नाही. आमच्या न्यूरोला फोन लावला, त्यांनी डोस हळूहळू कमी करून बंद केला. सेंटरकडून लेखी घेतलं की नवीन औषध सुरू करायच्या आधी घरच्यांना फोन, आणि पडल्यास तासाभरात फोन, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. तेव्हापासून पाळतायत. रात्री दुसरा माणूस ठेवायचं मात्र अजून 'बघू' वरच आहे.

अजून एक चीड आणणारा प्रकार म्हणजे फळवाटप. गावातल्या कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस असला की वीस पोरं, दोन केळी, एक सफरचंद आणि फोटो. मामांचा हात धरून केळं देतानाचा फोटो मी एका माणसाच्या स्टेटसला पाहिला. मामा हसतायत पण त्यांना कोण आलंय ते माहीत नाही, आणि जळगाव जिल्ह्यात माणसाला केळी वाटायची हौस कशी येते तेही कळत नाही. ॲडमिशनच्या फॉर्मवर 'फोटोला परवानगी नाही' असं हातानं लिहून सही करा. आम्ही नंतर लिहिलं, थांबलं.

पैशाचं. महिन्याला चोवीस हजार, शेअरिंगची खोली. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी, सगळं धरून तीसपर्यंत जातं. म्हणजे ब्युरोच्या बायकांइतकंच. डिपॉझिट दोन महिन्यांचं, हॉस्पिटलला ॲडमिट झाले तर त्या दिवसांचे पैसे वळते होतात का हे लिहून घ्या, तोंडी सगळे हो म्हणतात. जीएसटीचं पण बघा, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीच्या वरच्या माणसासाठी राहणं-जेवण धरून महिना 25 हजारांपर्यंत फी असेल तर ती माफ आहे, प्रायव्हेट कंपनीच्या सेंटरला ही सूट नाही, म्हणून संस्था कोणती ते पावतीवर वाचा. सत्तरीच्या वरच्यांना पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, पण ते हॉस्पिटलच्या ॲडमिशनसाठी, अशा सेंटरच्या फीसाठी नाही, याच्यात बरेच जण गफलत करतात.

पेन्शनवाल्यांसाठी : नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनपण होतं, आणि हे काम सेंटरवाले करून देतात, फुकट. छान आहे. पेन्शनचं खातं बायकोबरोबर जॉइंट आधीच करून ठेवा. मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका, ते माणसाला कळतंय तोवरच करता येतं, आणि साधं मुखत्यारपत्र त्याची समज गेल्यावर कायद्यानं संपतं, हे आम्हाला वकिलानं सांगितलं तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडं बघत बसलो.

कुणासाठी योग्य आहे? ज्यांचा माणूस चालता-फिरता आहे, संध्याकाळी बिथरतो, बाहेर निघून जातो, आणि घरी मागे पळणारं कुणी नाही, त्यांनी जरूर बघावं. अंथरुणाला खिळलेला, नळीनं जेवणारा, बेडसोअर झालेला पेशंट असेल तर नको, रात्री नर्स नाहीये, अटेंडंट आहे, दोन्हीत फरक आहे. बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला अपॉइंटमेंट घेऊन जाऊ नका, तेव्हा सगळं चकाचक असतं. पाचला जा आणि परवानगी मागून आठपर्यंत बसा. त्यांनी बसू दिलं नाही तर उठून परत या. कुठल्याही सेंटरबद्दल तक्रार असेल आणि ऐकत नसतील तर ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

भेटायची वेळ चार ते सात. रविवारी गर्दी होते आणि इतक्या माणसांनी मामा दमतात, त्यामुळे आम्ही बुधवारी जातो. गाडी आत लावू देतात. येताना बिस्किटं आणू नका, शुगरवाल्यांच्या हातात जातात.