मलबार हिलच्या राजभवनातलं (आताचं लोकभवन) भुयार जरूर बघा

मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे इथल्या समुद्रापेक्षा मला भुयाराचं अप्रूप जास्त. ब्रिटिशांचं, 13 खोल्यांचं. शेल स्टोअर (तोफगोळ्यांचं कोठार), कार्ट्रिज स्टोअर (काडतुसांचं) अशी खोल्यांची नावं. वर्षानुवर्षं बंद होतं. 2016 मध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांनी भिंत फोडायला लावली. आताच्या तेलंगणातल्या मेटपल्लीचे तीनदा आमदार, मग करीमनगरचे खासदार, वाजपेयींच्या सरकारात राज्यमंत्री, आणि 2014 मध्ये इथे राज्यपाल म्हणून नेमणूक. राज्यपालाला मतं मागायची नसतात. तरी लोकांसाठी काही उघडून द्यावंसं त्यांना वाटलं, याचं मला फार मोल आहे. 2022 पासून आत क्रांतिकारकांचं दालन आहे. तिथे घाई करू नका. बुकिंग आधी ऑनलाइन करा, ओळखपत्र जवळ ठेवा. मुलांना नक्की न्या.