पंधरा हजारांचं महागडं कार्ड की पंचवीस हजारांची एफडी?

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो फोन पुढे करतच. "मामा, मला क्रेडिट कार्ड मिळतंय. घेऊन टाकू?"

त्याचं इंदूरच्या जेल रोडला मोबाइलच्या कव्हर-चार्जरचं दुकान आहे. टाळेबंदीत पर्सनल लोनचे हप्ते थकले ते थकलेच. शेवटी २०२२ मध्ये ८०,००० पैकी ४८,००० भरून सेटलमेंट केली आणि सुटलो म्हणून घरी पेढे वाटले. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज कसं फेडलं त्यावरून मिळणारे गुण, मात्र ६१२. ट्रान्सयुनियन सिबिलच्या वर्गवारीत ३०० ते ६८० म्हणजे सबप्राइम, ६८१ ते ७३० नियर प्राइम, आणि ७३१ पासून पुढे प्राइम. म्हणजे हा अजून सगळ्यात खालच्या पायरीवर. जिथे जाईल तिथे नकार ऐकलेल्या माणसाला कुणी आपणहून "अभिनंदन" म्हटलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी समोरच पाहत होतो. पण मी रामबागेत बसून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यामुळे माझी नजर अभिनंदनाच्या खालच्या बारीक अक्षरांवर आधी जाते.

तिथे असं होतं: लिमिट १५,०००. जॉइनिंग फी १,४९९, वर १८ टक्के जीएसटी. व्याज महिना ३.७५ टक्के. आणि 'क्रेडिट शील्ड' नावाचं काहीतरी, महिना १४९ अधिक जीएसटी. ते ऐच्छिक होतं, पण त्याच्यापुढची खूण आधीच केलेली.

मी त्याच्यासमोर दुसरा कागद ठेवला. त्याचं बचत खातं आहे त्याच बँकेत २५,००० ची एफडी करायची आणि तिच्यावर ८० टक्के, म्हणजे २०,००० लिमिटचं कार्ड घ्यायचं. जॉइनिंग फी नाही, उत्पन्नाचा पुरावा नाही, स्कोअरची फारशी चौकशी नाही. बँकेनुसार अशा कार्डाची लिमिट एफडीच्या ७५ ते १०० टक्क्यांपर्यंत असते.

"पण ते आपल्याच पैशांवरचं कार्ड झालं ना? त्याने सिबिल कसं सुधारणार?"

खरा मुद्दा हाच आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. सिबिल असो की एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क, या चारही ब्युरोंच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांच्या, रिपोर्टमध्ये कार्डाची लिमिट दिसते, किती वापरली ते दिसतं, बिल वेळेवर भरलं की नाही ते दिसतं. तुम्ही त्या कार्डासाठी फी किती मोजली, ते कुठेच दिसत नाही. चार हजार देऊन घेतलेलं कार्ड आणि फुकट मिळालेलं कार्ड, दोन्हींच्या वेळेवर भरलेल्या बिलाची नोंद एकच. फरक एवढाच की एफडीवरचं कार्ड रिपोर्टमध्ये 'सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड' म्हणून लागतं. उद्या गृहकर्ज देणारा अधिकारी ते वाचेल, पण वेळेवर भरलेले महिने मोजायचे ते मोजेलच.

आता पैशांचं बोलू. महागड्या कार्डाची जॉइनिंग फी जीएसटी धरून १,७६९. शील्ड वर्षभर तसंच राहू दिलं तर आणखी २,११०. पहिल्या वर्षी एकही वस्तू न घेता ३,८७९ गेले, म्हणजे लिमिटच्या जवळजवळ २६ टक्के. अमेरिकेत असल्या 'सबप्राइम' कार्डांचा फार सुळसुळाट झाला होता, तेव्हा २००९ च्या कायद्याने पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या फीला लिमिटच्या २५ टक्क्यांची वेस घातली. (शील्ड ऐच्छिक, त्यामुळे तिथेही ते या हिशेबात धरलं नसतं. पळवाटा सगळीकडे सारख्याच.) आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने अशी टक्केवारी ठरवलेली नाही. व्याजाचंही तेच. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. एफडीच्या बाजूला वर्षाचे साडेसहा टक्के धरले तर १,६२५ रुपये व्याज येतं. एकीकडून जातात, दुसरीकडून येतात. पहिल्या वर्षातच दोन्हींत साडेपाच हजारांचं अंतर पडलं. जेल रोडच्या दुकानात तेवढा नफा मिळवायला किती चार्जर विकावे लागतात, ते त्याने मनातल्या मनात मोजलं असावं, कारण तो गप्प झाला.

फीपेक्षाही मला भीती आहे ती पहिल्या बिलाची. कार्ड आलं, चालू केलं आणि कपाटात ठेवलं. पण फी कार्डावरच लागते. महिन्याअखेरीस १,७६९ चं बिल तयार, म्हणजे काही न घेताच लिमिटचा जवळजवळ १२ टक्के वापर. माणूस म्हणतो, मी तर कार्ड वापरलंच नाही, बिल कसलं? आणि मेसेज पुसून टाकतो. नियमाप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की थकबाकी म्हणून नोंद होऊ शकते, दंडही लागतो. ती नोंद सिबिलच्या रिपोर्टमध्ये ३६ महिने महिन्या-महिन्याच्या चौकटीत दिसत राहते. स्कोअर सुधारायला घेतलेल्या कार्डाने तो आणखी खाली नेल्याची दोन उदाहरणं माझ्याच गिऱ्हाइकांत आहेत, आणि दोघांनीही त्या कार्डावर एक रुपयाही खर्च केला नव्हता.

व्याजाच्या बाबतीत मात्र दोन्ही कार्डांना मी एकाच माळेत बसवतो. एफडीवरच्या कार्डाचा दर थोडा कमी असू शकतो, पण बिल अर्धवट भरलं की तेही सोलतंच. ३.७५ टक्के महिना म्हणजे वर्षाला ४५, आणि व्याजावर जीएसटी लागतो तो धरून ५३ च्या वर. समजा ६,००० चं बिल आलं आणि पाच टक्के 'मिनिमम' म्हणून ३०० भरले. उरलेल्या ५,७०० वर पुढच्या महिन्याचं व्याज आणि जीएसटी मिळून ढोबळमानाने २५० रुपये. ३०० दिले, त्यातले २५० पाण्यात. शिवाय बाकी शिल्लक असताना नवी खरेदी केली, तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत संपली. मिनिमम भरून नोंद स्वच्छ राहते, पण खिसा साफ होतो.

एफडीच्या कार्डाचे तोटे सांगितले नाहीत तर हा आढावा एकतर्फी होईल. पैसे अडकतात. कार्ड चालू आहे तोवर एफडी मोडता येत नाही, आणि दिवाळीच्या आधी सियागंजातून माल उचलायच्या वेळी २५,००० बँकेत पडून असणं दुकानदाराला जड जातं. बिल थकलं तर बँक एफडीतून वळती करून घेते, आणि थकल्याची नोंद होते ती होतेच. त्यामुळे दोन टक्के महिन्याने हातउसने आणून एफडी करणार असाल तर राहू द्या, मग ते महागडं कार्डच परवडलं. काही बँका दहा हजारांच्या एफडीवरही कार्ड देतात. लिमिट आठ-नऊ हजार मिळेल. तिच्या ३० टक्क्यांच्या आत राहायचं म्हणजे महिन्याला अडीच हजार. पेट्रोल आणि मोबाइलचं बिल बसतं तेवढ्यात, आणि एवढंच बसलेलं बरं.

ते ३० टक्क्यांचं गणितही जरा समजून घ्या. लिमिटच्या त्याहून जास्त वापर दिसला की स्कोअरला बाधतो, असा ठोकताळा आहे. बिल पूर्ण भरत असलात तरी ब्युरोकडे ज्या दिवशी आकडा जातो त्या दिवशीची बाकी तिथे उमटते. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती महिन्यातून एकदा न जाता दर पंधरवड्याला जाऊ लागली. मोठी खरेदी झालीच, तर बिल बनण्याची वाट न पाहता आधीच थोडे भरून टाकावेत.

मग ताईने, म्हणजे त्याच्या आईने, मधेच विचारलं की सराफ्यात बांगड्या ठेवून भागवलं तर? रात्री जिथे आपण भुट्ट्याचा कीस खातो तिथे दिवसा पिढ्यान्‌पिढ्या सोनं गहाण पडतं, आणि ओळखीचा सराफ कागदही फार मागत नाही. पण त्याच्याकडचं कर्ज कितीही इमानदारीने फेडा, सिबिलला त्याचा पत्ता लागत नाही. बीसीचंही, म्हणजे भिशीचंही, तसंच. आमच्या मोहल्ल्यात वीस-वीस वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या बायका आहेत आणि रिपोर्टच्या लेखी त्या अस्तित्वातच नाहीत. सोनंच ठेवायचं तर बँकेत, आणि मासिक हप्त्याचं कर्ज घ्यायचं. वर्षाअखेरीस एकदम फेडायच्या गोल्ड लोनने महिन्या-महिन्याची नोंद तशी तयार होत नाही. बारा महिने ठरलेला हप्ता भरायची ताकद असेल तर हा पर्यायही वाईट नाही. फक्त त्यात गरज नसताना कर्ज काढावं लागतं, ते मला पटत नाही.

सेटलमेंटचा विषय त्याने काढला नव्हता, मी काढला. रिपोर्टमध्ये त्या जुन्या कर्जापुढे 'सेटल्ड' लिहिलंय, आणि कुठल्याही कार्डाने तो शब्द पुसला जात नाही. स्कोअर ७३० झाला तरी गृहकर्जाचा अधिकारी त्या शब्दावर बोट ठेवतो. उरलेले ३२,००० भरून, ना-हरकत पत्र घेऊन खातं 'क्लोज्ड' करून घेणं हा एकच उपाय, आणि तो बदल कर्ज देणाऱ्यानेच कळवावा लागतो. भरूनही नोंद बदलली नाही तर तक्रार करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर माझ्या मते हे ३२,००० कार्डापेक्षा महत्त्वाचे. फक्त साधं कार्ड आणि दुचाकीचं कर्ज एवढंच हवं असेल, तर आधी एफडीचं कार्ड, बाकीचं सावकाश.

या सगळ्याआधी स्वतःचा रिपोर्ट काढा. चारही ब्युरोंकडून वर्षातून एकेकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपणच आपला पाहिला तर स्कोअर उतरत नाही. अर्ज केला की बँक जी चौकशी करते तिने थोडा उतरतो. भाच्याला फोनवरची मुलगी म्हणाली होती, "सर, ऑफर छोड़ेंगे तो सिबिल पर असर पड़ेगा." साफ खोटं. ऑफर नाकारल्याची नोंद कुठेच होत नाही.

महागड्या कार्डाला मी कधीच हो म्हणू नका असं म्हणत नाही. एफडीला दहा हजारही नाहीत, बँकेचं फुकट कार्ड मिळत नाही, आणि कार्ड खरोखर बँकेचं आहे, ॲपच्या मागे दडलेलं छोटं कर्ज नाही, अशा वेळी शील्ड काढून टाकून, फी एकदाच देऊन, वर्षभर वापरून बंद करायचं म्हणून घेता येईल. बंद करायला सांगितल्यावर, बाकी काही नसेल तर, सात कामाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे. नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. हा नियम कस्टमर केअरला ऐकवला की आवाज बदलतो.

भाच्याने शेवटी एफडी केली, पण पंधरा हजारांची. दहा हजार दिवाळीच्या मालासाठी हातात ठेवले, आणि त्यात मला चूक वाटत नाही. कार्डावर दुकानाचं इंटरनेट आणि पेट्रोल, बिल खात्यातून आपोआप पूर्ण कापलं जाईल असं लावून दिलंय. परवा त्या मुलीचा पुन्हा फोन आला. लिमिट पंचवीस हजार करून देते म्हणाली. त्याने फी विचारली. तीही वाढली होती.